पांढऱ्याला पांढरं मॅचिंग

अहो वहिनी, मिक्सर नाही बिघडलेला. तो खर्र खर्र आवाज आमच्याकडचाच आहे. हे दिवे घासतायत. देवातले नव्हेत हो, गाडीचे! सकाळी सातला चहा झाला तेव्हापासून गाडीच्या पुढ्यात पाट टाकून बसलेत. पाट माझा, चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा, पण ते सोडा. एका हातात पॉलिश पेपर, दुसऱ्या हातात कपड्यांना इस्त्री करताना मारायचा फवारा. जरा या ना कुंपणापाशी, त्या जास्वंदीच्या कुंडीच्या बाजूनं. इथून सगळं दिसतं. फक्त हळू बोला. ऐकू येतं त्यांना, सोयीचं तेवढं.

त्याचं असं झालं. जूनमध्ये ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ना, उजव्या डोळ्याचं? तिथून सगळ्याला सुरुवात. पट्टी निघाली, चार दिवस गेले आणि घरातली एकेक वस्तू ह्यांना नव्यानं दिसायला लागली. बाथरूमच्या फरश्या. पंख्याची पाती. माझ्या तोंडावरचे वांगसुद्धा दिसले असणार, पण ते बोलून दाखवायची छाती झाली नाही. मग एका सकाळी पोर्चमध्ये उभे राहिले आणि आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून गाडीकडे बघत बसले. मला हाक मारली. म्हणाले, "अगं, आपली गाडी पांढरी होती ना?" म्हटलं, आहे की. तर म्हणतात, "डाव्या डोळ्यानं आहे. उजव्यानं पिवळी दिसतेय."

आणि खरंच हो. डाव्या डोळ्यातलं भिंग अजून जुनं, पिवळं पडलेलं, त्यातून सगळं जगच पिवळट. मग गाडीचं वेगळं काय वाटणार? उजव्यात नवं कोरं भिंग. त्याला खरं पांढरं साबणाच्या जाहिरातीतल्यासारखं दिसतं, म्हणून गाडीचा पिवळेपणा डोळ्यात भरतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. म्हणजे सध्या आमच्या घरात एकाच माणसाची दोन मतं असतात.

आमची ऑल्टो फेब्रुवारी 2005ची. तुम्ही राहायला आलात त्याच्या आदल्या वर्षीची, बघा. वीस वर्षांत 78,000 किलोमीटर. जातो कुठे आम्ही? मंडई, बँक आणि महिन्यातून एकदा सासवडला वन्संकडे. इंजिनाला काही झालेलं नाही, चावी फिरवली की पहिल्या झटक्यात लागते. पण रूप गेलं होतं हे खरं. छपराचा रंग खडूसारखा झालेला, बोट फिरवलं तर बोटाला पांढरं लागायचं. बंपर आणि दारं यांचं पांढरं एकमेकांशी बोलत नव्हतं. दारांवरच्या काळ्या पट्ट्या राखाडी. आणि पुढचे दिवे तर म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यांसारखे.

गॅरेजवाल्याला दाखवली, नाव नको घ्यायला, गल्लीतल्या गल्लीत कशाला. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि संपूर्ण रंगाचे 42,000 सांगितले. वर म्हणाला, "काका, खरं सांगू? गाडीची किंमतपण तेवढी येणार नाही." झालं! ह्यांना ते लागलं. गाडीला म्हाताऱ्यासारखं बोलला म्हणून लागलं की काय, कोण जाणे. तिथून घरी येईपर्यंत एक शब्द नाही. आणि घरात पाऊल टाकतो तोच धाकट्याचा फोन. 2025च्या बावीस सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर येणार होता, त्याच दिवशी घटस्थापनाही होती. म्हणाला, आता तरी नवीन बुक करा, मी पैसे घालतो. चांगलं सांगत होता हो लेकरू. पण वेळ चुकली. ह्यांनी सांगितलं, "सध्या पितृपक्ष आहे, नव्याचं नावसुद्धा काढायचं नाही." एरवी श्राद्धाच्या दिवशीसुद्धा चहात लक्ष असणारा माणूस! पण नवं घ्यायचं नाही म्हटल्यावर जुनं नवं करायचं एवढंच उरलं.

शिवाय एक आतली गोष्ट सांगते. 2025च्या फेब्रुवारीत नोंदणीचं नूतनीकरण करून आणलंय, पुढच्या पाच वर्षांचं. 5,000 भरले, पर्यावरण कर निराळा. 2020 साली पंधरा वर्षं झाली तेव्हा हेच काम 600 रुपयांत झालं होतं, म्हणून या वेळी पाच हजार भरताना हे इतके करवादले होते की विचारू नका. आणि ऑगस्टमध्ये बातमी आली, वीस वर्षांवरच्या मोटारींना तीच फी 10,000! ती बातमी मला तीनदा वाचून दाखवली. जणू काही शेअर बाजारात पाच हजार कमावले. एवढे पैसे वाचवल्यावर गाडी टाकून कशी द्यायची, सांगा बरं.

तर आता दिव्यांचं. तुमच्या भाऊजींनी गेल्या वर्षी टूथपेस्ट चोळली होती ना त्यांच्या गाडीच्या दिव्यांना? आठवतंय मला, पांढरा फेस गटारापर्यंत गेला होता. आणि गणपतीपर्यंत पुन्हा जैसे थे. हसू नका, आम्हीही तेच केलं आधी. टूथपेस्ट म्हणजे बारीक पूड, ती वरचं वरचं घासते, चार आठवडे बरं दिसतं. मुळात ती काच नसतेच. पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक. त्यावर कंपनी एक पातळ संरक्षक थर देते आणि उन्हानं तो थर करपतो, पिवळा पडतो, त्याला बारीक चिरा जातात. तो करपलेला थर पुरता काढायचा आणि नवा द्यायचा, एवढंच औषध. अर्धवट काढलात तर काही उपयोग नाही. पूर्ण काढलात आणि वर नवा थर दिला नाहीत तर आणखीनच वाईट, दोन-चार महिन्यांत परत पिवळं.

आधी दिव्याच्या कडेनं चिकटपट्टी लावून घ्यायची, नाहीतर रंग घासला जातो. पॉलिश पेपर पाण्याचा घ्यायचा, लाकडाचा नव्हे. 800 नंबरपासून सुरुवात, मग 1000, 1500, 2000, शेवटी 3000. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ. आणि गंमत अशी की एक कागद आडवा घासायचा, पुढचा उभा. म्हणजे आधीच्या कागदाचे ओरखडे सगळे गेले का ते दिसतं. वर पाणी मारलं की खाली ओघळ येतो, त्याच्याकडे नीट बघायचं. सुरुवातीला तो हळदीच्या हातासारखा पिवळट असतो. घासत राहिलं की हळूहळू तांदळाच्या धुवणासारखा पांढरा येतो. धुवण पांढरं झालं की समजायचं, करपलेलं गेलं.

पहिला दिवा आधीच केला. 1000चा कागद झाला, फडक्यानं पुसलं, आणि ह्यांचा चेहरा असा पडला म्हणून सांगू! दिवा पूर्वीपेक्षा वाईट, संडासाच्या खिडकीच्या दूधकाचेसारखा. मला म्हणाले, "संपलं सगळं, आता नवीन दिवा आणावा लागणार." दोन्ही डोळ्यांनी एकच मत झालं होतं, एवढी गंभीर परिस्थिती. मी म्हटलं, पुरणाला चटका बसतो तेव्हाच सोडून द्यायचं का? पुढचे कागद मारा की. 2000 झाला, 3000 झाला, मग रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन चोळलं, आणि वहिनी, आतला चकचकीत आरसा दिसला! पोरांच्या वेळी सोनोग्राफीत बाळ दिसावं तसे हे त्या दिव्यात डोकावून बघत बसले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वर ऊन रोखणारा क्लिअर फवारा मारला, दोन पातळ हात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात, हे रांगोळीपासून रंगापर्यंत सगळीकडे खरं.

आज डावा दिवा चाललाय. तो खर्र खर्र आवाज.

पहिला दिवा लख्ख झाला म्हणून दुकानदार लगेच म्हणाला, "काका, आता बल्बपण जोरदार टाका, शंभर वॉटचा." मी सोबत होते. म्हटलं, कशाला? कंपनीचा 60/55 वॉटचा आहे, वायरी त्याच्याच हिशेबाच्या आहेत. जास्तीच्या बल्बनं वायर तापते, होल्डर वितळतो. आणि ते पांढरेफेक एलईडी तर लोकांच्या डोळ्यांवर येतात. रात्री सासवडहून येताना दिवे घाटात समोरून एक असा आला होता, तेव्हा ह्यांनी जी शिवी दिली ती मी चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ऐकली.

पण खरी गोष्ट दिव्यांची नाहीच हो. खरी गोष्ट वासाची. मे महिन्यापासून मी सांगत होते, गाडीत ओल्या गोणपाटाचा वास येतो. हे त्यावर सुगंधी डबी आणून ठेवायचे. मोगऱ्याची. मग गोणपाट आणि मोगरा असा वास यायचा. शेवटी गणपती उठल्यावर मीच माझ्या पायाखालची चटई उचलली, तर खालच्या कार्पेटच्या कडेला काय असावं? कुत्र्याच्या छत्र्या! तीन. एक चांगली छत्रीसारखी उघडलेली, दोन कळ्या. कार्पेटखालचा नमदा पिळला तर बादलीभर पाणी निघालं असतं. ते पाणी यायचं कुठून ते शोधायला दोन दिवस लागले.

तुमच्या गुलमोहरानं केलंय ते. रागावू नका, झाड सुंदरच आहे. पण त्याची पानं बघा ना, जिऱ्याएवढी बारीक. वायपरच्या खाली ती काळी जाळी असते, तिच्यातून ती आत जातात. तिथे काचेवरून उतरलेलं पाणी बाहेर काढायला दोन बाजूंना वाटा असतात. त्या वाटा ह्या पानांनी बुजल्या. कुजून त्यांचं खत झालं होतं, मी चक्क ते तुळशीला घातलं. पाणी बाहेर जायला जागा नाही म्हटल्यावर ते आत, माझ्या पायाशी. बसते मी तिथे, भिजतो नमदा, आणि दोष सुगंधी डबीला.

तसंच दारांचं. दाराच्या अगदी खालच्या कडेला बारीक भोकं असतात, बघितलीयत कधी? काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात जातंच, ते तिथून गळून जायचं असतं. आमच्या चारही दारांची भोकं चिखलानं लिंपलेली. मी माझी प्लॅस्टिकची क्रोशाची सुई घेतली आणि एकेक कोरून काढलं. मागच्या डाव्या दारातून तर असं भळाभळा पाणी आलं की हे दचकून मागे झाले. आणि त्याच दाराच्या खाली रंगाला फोड आलेला. बोटानं दाबला तर पापडासारखा कुरकुरला, आत लाल भुगा.

म्हणजे आम्ही वरून पॉलिश करत होतो आणि गाडी खालून सडत होती. त्या दिवशी मी ह्यांना सरळ सांगितलं, आता माझ्या क्रमानं चालायचं. आधी पाणी, मग गंज, मग दिवे. चकचकाट सगळ्यात शेवटी, पैसे आणि उत्साह उरला तर. त्यांनी मान डोलावली आणि गंजाचं काम स्वतःकडे घेतलं. तिथे पुढची फजिती झाली.

गंज घासून काढला, खालचा पत्रा चांदीसारखा दिसेपर्यंत. इथपर्यंत उत्तम. मग प्रायमर हवा. दुकानात जायचं सोडून हे माळ्यावर चढले. दोन वर्षांपूर्वी खिडक्यांच्या ग्रीलना लावलेल्या रेड ऑक्साइडचा अर्धा डबा होता, तो काढला. म्हणाले, "लोखंड ते लोखंड." लावला. दोन दिवस वाळवला. वर गाडीच्या रंगाचा फवारा मारला आणि आमच्या डोळ्यांदेखत, वहिनी, दुधावरची साय चमच्यानं ओढल्यावर आक्रसते ना, तसा सगळा रंग आक्रसला. सुरकुत्याच सुरकुत्या. झालं काय, की ग्रीलचा तो प्रायमर तेलाच्या जातीचा आणि गाडीचा फवारा थिनरच्या जातीचा. वरच्यातलं कडक थिनर खालच्या थराला उचलतं. पुन्हा सगळं खरवडा, पुन्हा घासा, मग नाना पेठेतून गाडीचाच प्रायमर आणला. अर्धा डबा वाचवायला गेले आणि चार दिवस घालवले. तो डबा परत माळ्यावर ठेवलाय, फेकू देत नाहीत.

लांबी मात्र मी भरू दिली नाही. खड्डाच असेल तर भरावी, पण गंजावर लांबी भरणं म्हणजे ओल्या भिंतीवर चुना. एक पावसाळा जातो, पुढच्याला फुगून बाहेर येतं. तुम्हाला एक गंमत दाखवते, आत या कधी. तुमच्या फ्रिजवर ते शिर्डीचं लोहचुंबक आहे ना, तसं आमच्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचं आहे. ते घेऊन मी गाडीच्या अंगभर फिरवलं. सगळीकडे टकाटक चिकटतं. उजव्या मागच्या दारावर लावलं तर घसरून खाली! 2011 साली तिथे दुधाचा टेम्पो लागला होता, पत्रा ठोकून सरळ केलाय म्हणून पैसे घेतले होते तेव्हा. पत्रा कसला, बोटभर लांबी थापलीय. चौदा वर्षं आम्ही लांबीच्या दारात हात घालून फिरतोय. जुनी गाडी कोणी घ्यायला निघालं ना, तर त्याला तज्ज्ञ नको, फ्रिजवरची स्ट्रॉबेरी ने म्हणावं.

बरं, आता रंगाचं ऐका, तिथेच खरी मजा. दाराला आणि बंपरच्या एका कोपऱ्याला रंग लावायचा, बाकी गाडी आहे तशी. गाडीच्या रंगाचं नाव सुपीरिअर व्हाइट. ह्यांना वाटलं, पांढराच तर आहे, तयार बाटली आणू. मी म्हटलं, चाळीस वर्षं लक्ष्मी रोडवर ब्लाउजपीस मॅच करतेय मी, पांढऱ्याला पांढरं मॅच करणं सगळ्यात अवघड. लाल चालून जातं, पांढरं लगेच बोलतं. आणि नावात असलेला रंग हा 2005चा. आपल्या गाडीवरचा रंग वीस वर्षं ऊन खाल्लेला. दुकानातला पांढरा लावलात तर पितांबरीनं घासलेल्या पातेल्याला न घासलेलं झाकण घातल्यासारखं दिसेल.

मग काय, साडी घेऊन मॅचिंगला जातात तसं गाडी घेऊन कुठे जाणार? पण असं करायचं नसतं. पेट्रोलच्या टाकीचं झाकण असतं ना छोटं, ते दोन स्क्रूंवर असतं. ते काढून पिशवीत घातलं. रंग मिसळून देणारे असतात, त्यांच्याकडे ते दिलं. तो पोरगा हुशार होता. आधी झाकण कंपाउंडनं चोळून त्याचं खरं अंग काढलं, मगच रंग जुळवायला घेतला. पांढऱ्यात थेंबभर पिवळा, त्याहून कमी काळा. पत्र्याच्या तुकड्यावर ओढायचा, वाळवायचा, झाकणाशेजारी धरायचा. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळे दिसतात, वहिनी, भिंतीचा रंग काढताना आपण दोघी फसलोच होतो की.

आणि तिथे आमचे हे! डावा डोळा झाकून म्हणतात, "अजून पिवळा हवा." उजवा झाकून म्हणतात, "बरोबर आहे." त्या पोराला काही कळेना. त्यानं आणखी एक थेंब टाकला. ह्यांनी डोळे बदलले, "आता जास्त झाला." तिसऱ्यांदा असं झाल्यावर पोरानं माझ्याकडे बघितलं, आणि मी ते दोन्ही तुकडे उचलले आणि दुकानाबाहेर फुटपाथवर उन्हात जाऊन उभी राहिले. ट्यूबलाइटखाली काय मॅच करायचं? साडीसुद्धा आपण बाहेर नेऊनच बघतो ना? उन्हात दोन्ही शेजारी धरले. दुसरा थेंब बरोबर होता. तोच घेतला. आता दार बघा इथून. कळतंय का कुठे लावलाय? नाही ना? झालं तर.

काळ्या पट्ट्यांचं थोडक्यात सांगते. धाकट्यानं सांगितलं, गरम हवेचा झोत मारला की काळ्या होतात. ह्यांनी माझा हेअर ड्रायर नेला. अर्धा तास मारला, काही झालं नाही, त्याला खरी हीट गन लागते, केस वाळवायच्या यंत्राचं ते काम नव्हे. पण त्याच ड्रायरनं मागच्या काचेवरचा सूनबाईच्या कॉलेजचा स्टिकर अलगद निघून आला, गोंदासकट. उरलेला चिकटा खोबरेल तेलानं पुसला. नेलपॉलिश काढायचं मात्र गाडीच्या रंगाला लावू नका हो, रंग जातो. पट्ट्यांना शेवटी बाटलीतलं काळं लावलंय, पावसानं जाईल ते, जाऊ दे.

हां, आणि चाकाच्या टोप्या! एक टोपी कुठल्यातरी खड्ड्यात पडली होती. रविवारी हे जुन्या बाजारात गेले, मंगळवार पेठेत. बुधवारी आणि रविवारी भरतो ना. तिथे म्हणे सगळं मिळतं. दोन तास भटकून एक टोपी आणली, दीडशेला, घासाघीस करून. विजयी मुद्रेनं चाकावर ठेवली, तर वाटीवर परात झाकावी तसं झालं. टोपी मोठी, चाक लहान. ऑल्टोची चाकं बारा इंची, आणलेली टोपी तेरा इंची. बघून नाही का घ्यायची? म्हणाले, "बघितली, पण डाव्या डोळ्यानं." आता ती टोपी अंगणात पक्ष्यांचं पाणी ठेवायला वापरतेय. बुलबुल येतो. तोच बुलबुल गाडीच्या आरशाला टोची मारतो, स्वतःचंच तोंड बघून. म्हणून आरशांवर जुने मोजे घालतो आम्ही, ते तुम्ही विचारणारच होतात.

जावईबापूंच्या सूचना वेगळ्याच. काळी फिल्म लावा म्हणे काचांना. अहो, सर्वोच्च न्यायालयानं 2012च्या एप्रिलमध्ये बंद केलीय ती, चौकात काढायला लावतात आणि पावती फाडतात. मग म्हणाले, सगळी गाडी मॅट काळी करा. म्हटलं, रंग बदलला की आरसी बुकातसुद्धा बदलावा लागतो, आरटीओची परवानगी घेऊन. आणि आमच्या म्हातारीला काळा शालू कशाला? नवी नंबरप्लेट मात्र जुलैतच बसवली, ती उच्च सुरक्षेची. 745 आणि वर जीएसटी, 879 रुपये झाले. तुमच्या भाऊजींना सांगा, राहिली असेल तर. पण बंपरचा काही रंग-बिंग करायचा असेल तर तो प्लेट बसवायच्या आधी. तिचं लॉक एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. आम्हाला प्लेटला कागद चिकटवून भोवतीनं रंग मारावा लागला, आणि एका कोपऱ्यात थेंब उडालाच.

तुमच्या मामंजींची फियाट आठवते हो अशा वेळी. दर रविवारी बंपरचं क्रोम राखेनं घासायचे, नाही का? गिअर स्टिअरिंगला. दिव्याची काच खरी काच, पन्नास वर्षं पिवळी पडली नसती. कुर्ल्याला व्हायची ती गाडी. मुंबईची शेवटची फियाट पद्मिनी टॅक्सी ताडदेवला 29 ऑक्टोबर 2003ला नोंदली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून 30 ऑक्टोबर 2023पासून ती रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो होता, ह्यांनी कापून ठेवलाय. वीस वर्षं झाली म्हणून तिला जावं लागलं, आणि खासगी असल्यामुळे आमची राहिली. फी भरा, गाडी नीट ठेवा, पाच वर्षं चालवा. मामंजींनी फियाट विकली त्या दिवशी जेवले नव्हते ना? तुम्हीच सांगितलं होतंत. काय म्हणालात, आमच्या गाडीला किती खर्च आला? सगळा मिळून 3,900 झाला आत्तापर्यंत. प्रायमर, रंग, कागद, कंपाउंड, तो क्लिअरचा फवारा, आणि टोपीचे दीडशे धरून. नमदा मी गच्चीवर वाळवला, त्याचे पैसे नाहीत. 42,000 वाल्याला परवा रस्त्यात गाडी दिसली, त्यानं हात केला. ह्यांनी मुद्दाम दिवे लावून दाखवले. भर दुपारी.

थांबा, आवाज बंद झाला. दिवा झालेला दिसतोय, आता चहा मागतील. जाते मी. तुमच्याकडे जुना टूथब्रश असेल तर टाकू नका, दाराच्या रबराच्या खाचा साफ करायच्या राहिल्यात. आणि गुलमोहराची इकडची फांदी तेवढी छाटून घ्या, पावसाळा सरला की. दसऱ्याला गाडीच्या पूजेला या दोघंही. हार दोऱ्यात ओवलेला आणा, तारेतला नको, मागच्या वर्षी तारेनं बॉनेटवर हा एवढा ओरखडा गेलाय. आणि हळदीकुंकू बॉनेटवर नको हो वहिनी, टायरला वाहा.